अंबाड्यासकट उंची

शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी संपल्यावर मी मखमलाबाद रस्त्यावरच्या एका मैदानावर, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना पळवायला लागले. पळवणं सोपं, रोज पहाटे मैदानावर आणणं महाकठीण. भरती पुढे ढकलली की मुली ढेपाळायच्या. मी ओरडायचे, फळ्यावर सुविचार लिहायचे, भाषणं ठोकायचे. माझी भाषणं मलाच ऐकवत नसत, त्यांनी का ऐकावीत?

मग ती आली. घरची झेंडूची शेती. पळून झालं की घरी जाऊन फुलं तोडायची, त्यामुळे बोटं कायम हिरवट. एक दिवस खाडा नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकीची उंची मोजते. भरतीला एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते. तिनं डोक्यावर उंच अंबाडा बांधला होता. मी पट्टी त्याच्यावरच दाबली आणि वहीत एकशे पंचावन्न लिहिलं. 'केस सोड' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. अठराचीच तर आहे, वाढेल अजून, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर अशी मुलगी मला हातची घालवायची नव्हती.

तिला बघून बाकीच्यांना चेव यायचा. घरी बसलेल्या दोघी-तिघी परत आल्या. दोन वर्षं माझं एकच पालुपद होतं, "तिच्याकडे बघा!" सुविचार बंद झाले. एकदा तिची आई भेटायला आली. "बाई, व्हईल ना हिचं?"

"हिचं नाही तर कुणाचं होणार?" मी म्हणाले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

भरतीच्या दिवशी तिला उंचीच्या टेबलावरूनच परत पाठवलं. पळायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मैदानावर हजर. बाकीच्या पळत होत्या. "मॅडम, तिथलं मशीन खोटं हाय. तुम्ही मोजलं तवा भरले होते ना मी? परत मोजा."

तिनं बूट काढले, भिंतीला टाचा लावल्या. भरतीत केस सोडायला लावले होते, म्हणून इथेही तिनं ते आपणहून सोडले. मी पट्टी डोक्यावर सपाट टेकवली आणि भिंतीवर खूण केली.

"किती?"

"एकशे त्रेपन्न."

तिनं वळून भिंतीवरची खूण बघितली. "पहिल्या दिवशी बी एवढीच होते?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ती रडली असती, भांडली असती तरी बरं झालं असतं. तिनं अंबाडा पुन्हा तसाच उंच बांधला, बूट हातात घेतले आणि अनवाणीच फाटकाबाहेर गेली.

मुलींच्या फेऱ्या कधीच संपल्या होत्या. माझी शिट्टी वाजली नव्हती म्हणून त्या पळतच होत्या. शेवटी एकीनं ओरडून विचारलं, "मॅडम, अजून किती?"