पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. जन्मताना माझे आधी पाय बाहेर आले, म्हणून हसनाबादेत कुणाची मान धरली की मला बोलावणं येतं. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, मी डाव्या पायाने दुखऱ्या जागी तीनदा स्पर्श करायचा. इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना मी हे कधी कळू दिलं नाही.

इतक्या माना पाहून मला संशय येऊ लागला. पेपर तपासणारे गुरुजी यायचे, शिलाई मशीनवाली बाई यायची, कापूस वेचणाऱ्या तर हंगामभर यायच्या. मान न दुखणारं घर मला आठवत नाही. सगळे म्हणायचे, दोन दिवसांत उतरलं. पण ते दोन दिवस काम टाकून पडून राहत, हे मी बघत होते. ज्यांना पडून राहणं जमत नव्हतं ते पुन्हा येत. माझी स्वतःची मान लॅपटॉपवर काम करून रोज आखडते. तिच्यासाठी मी कुणापुढे पालथी पडले नाही.

मागच्या महिन्यात काकू आली. चुलती माझी, एकाच घरात राहतो आम्ही. "जरा जोर लाव की गं," ती पालथी पडून म्हणाली, "शाळा इंग्लिश हाय, पाय तर इथलाच हाय न्हं?"

मी जोर लावला.

नंतर ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागली. पोलक्याचे हुक लावायला आईला हाक मारू लागली. मी विचारलं, "काकू, हाताला मुंग्या येतात?"

"कोण म्हन्लं?" ती एकदम म्हणाली. तेव्हाच मला खात्री पटली, हे नुसतं मान धरणं नव्हतं.

दुसऱ्यांदा ती पालथी पडली तेव्हा मी पाय लावला नाही. जालन्याला डॉक्टरकडे चल, असं मी तिला म्हणाले. काका म्हणाले, "शिकली काय, लई भाव खाऊन राह्यली." चार दिवस घरात हेच चाललं. पाचव्या दिवशी काकूच्या हातून तवा सुटला, मग काकांनीच जालन्याला जायला गाडी ठरवली.

डॉक्टरांनी डोक्यावरचं ओझं विचारलं, झोप विचारली, काळजी विचारली.

"चारा आणते डोक्यावर," काकू म्हणाली. "झोपून राह्यलं तर काम कोण करंल?"

"मानेला कुणी झटका दिला? पाय दिला?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. बिलकुल न्हाई."

डॉक्टर आम्हा दोघींकडे बघत राहिले. "मी दिला," मी म्हणाले. "जोरात."

त्यांनी तपासणी लिहून दिली. तिच्यात दिसलं, मानेतली नस दबली होती, बऱ्याच वर्षांपासून. वेळेवर आलात, उपचाराने हात वाचेल, म्हणाले. माझ्या पायाने त्यात किती भर घातली, ते सांगता येत नाही म्हणाले. मला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

गाडीत काकू फुगून बसली. "सांगायची काय जरुरत होती? आता कोणी बोलावणार न्हाई तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बाई आमच्या ओट्यावर येऊन पालथी पडली होती. मी लांबच उभी राहिले.

"आधी सांगा," मी विचारलं, "हाताला मुंग्या येतात का?"