रेवाचा बाळ हात

फिजिओथेरपी सेंटरच्या बाहेर एक बाक आहे. त्यावर आम्ही आया बसतो. आत मुलं रडत असतात आणि बाहेर आम्ही खिदळत असतो! नवीन आलेल्या बाईला वाटतं, काय निर्दयी बायका आहेत. थोड्याच दिवसांत तीही आमच्यात सामील होते. किस्से घरात मावेनासे झाले की कुठेतरी सांगावेच लागतात. माझे सगळे रेवाचे.

रेवा माझी मुलगी. पोटात असतानाच तिला स्ट्रोक आला. उजवा हात आणि उजवा पाय त्यामुळे मागे पडले. आम्हाला कळलं ते फार नंतर, उजवी मूठ काही केल्या उघडेना तेव्हा.

* * *

बातमी ऐकून मनमाडहून आत्याबाई आल्या. "लकवा? पोटातल्या बाळाला? अगं, आमच्या ह्यांना झाला तो साठीनंतर!" मग जरा विचार करून म्हणाल्या, "एवढं कसलं टेन्शन घेतलं होतं गं हिनं आत?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी मनात ते नऊ महिने उलटेपालटे करून बघत होते. ग्रहणात बाहेर गेले होते का? स्कूटी खड्ड्यात आदळली होती का? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." पुढच्या भेटीत मी पुन्हा तेच विचारलं. त्यांनीही न कंटाळता पुन्हा तेच सांगितलं!

* * *

थेरपिस्टने सांगितलं, खेळताना चांगल्या हातावर मोजा चढवा, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल. रेवाने भोकाड पसरलं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, नुकतेच मळ्यातून आले होते. नातीचं रडणं त्यांना बघवेना.

"एकट्या पोरीलाच का? आण बरं एक मोजा मला बी!"

आप्पांनी डाव्या हातावर मोजा चढवला आणि उजव्या हाताने आरामात पोहे खायला लागले. "बघ, लय अवघड नाय!"

रेवाचं रडणं थांबलं. तिने डोळे बारीक करून बघितलं. "आप्पा, चीटिंग! चांगल्या हातावर घाला!"

झालं! मोजा उजव्या हातावर गेला. त्या दिवशी पोहे जास्त कोणी खाल्ले, आप्पांनी की आमच्या फरशीने, सांगता येणार नाही.

* * *

शेजारच्या काकू एकदा रेवाच्या उजव्या हाताला आळशी म्हणाल्या. रेवा चिडली. "तो आळशी नाहीये. तो अजून बाळ आहे!" तेव्हापासून उजव्या हाताचं नाव बाळ.

शाळेत ॲडमिशनला गेलो. मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, आप्पा, आजी आणि बाळ."

"अरे वा! बाळ काय करतं?"

रेवाने डाव्या हाताने उजवी मूठ उचलली आणि टेबलावर ठेवली. "झोपलंय. हळू बोला."

मॅडम खरंच हळू बोलायला लागल्या!

* * *

पुढे बाळ वस्तू धरायला शिकलं. आम्ही पेढे वाटले. मग पंचाईत उलटी झाली, धरलेलं सुटेना! थेरपिस्ट म्हणाली, "बोटं ओढायची नाहीत. ओढली की मूठ आणखी घट्ट होते. आधी अंगठा हळूच मोकळा करायचा, बोटं मग आपोआप सुटतात."

सासूबाई मळ्यातली मेथी घेऊन बाजारात बसतात. त्यांनी रेवाला शेजारी बसवलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात जुडी द्यायचं काम बाळावर सोपवलं. एक बाई जुडी ओढतेय, रेवाच्या मुठीतून ती सुटत नाही, पानं खाली गळतायत!

"ओढू नका वो ताई," सासूबाई ओरडल्या. "आधी अंगठा, मग मेथी!"

"अहो, मी भाजी घ्यायला आलेय की कुस्ती खेळायला?" असं म्हणत म्हणत बाईंनी अंगठा सोडवला. पुढच्या बाजाराला त्याच बाई शेजारणीला शिकवत होत्या, "अशी नाही गं, आधी अंगठा!"

* * *

शाळा सुरू व्हायची वेळ आली तशी माझी झोप उडाली. घरात सगळ्यांना अंगठ्याचं माहीत. बाजारात माहीत. पण वर्गात कोणी मूठ ओढली तर? पोरं हसली तर? मी नसताना हिचं कसं होणार, याची मला खरंच भीती वाटत होती.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी राहून मी मॅडमना सगळं समजावलं. मग पुन्हा पहिल्यापासून समजावलं. रेवाचं बाळ तेवढा वेळ माझ्या हातात होतं.

घंटा झाली. मॅडमनी रेवाचा डावा हात धरला. "चल, रेवा."

रेवा निघाली आणि अडकली. मॅडमनी जरासं ओढलं, तरी सुटेना. रेवाने वळून बघितलं. बाळाची बोटं केव्हाच मोकळी झाली होती.

"मॅडम, ओढू नका," ती म्हणाली. "आईचा आधी अंगठा."