एका टेकपुरता उजेड

फुटलेल्या नारळाचा ओला, गोड वास आला की मी थेट जयगडच्या खाडीकाठी पोचते. विद्यापीठातली माझी पहिली शॉर्टफिल्म, आणि सूर्य बुडायला आलेला, उजेड एका टेकपुरताच उरलेला. होडीवाल्याच्या बायकोचं काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाली, “देवा, माझ्या माणसाला सुखरूप आण,” आणि कॅमेऱ्यामागे गप्प उभा असलेला अख्खा गाव एका सुरात म्हणाला, “व्हय महाराजा.” एकच टेक, तोही बिघडला असं मला वाटलं, पण मैत्रिणीचे डोळे खरोखरच भरून आले आणि मी कट म्हणायचंच विसरले. नंतर एक आजोबा म्हणाले, “देवाला गाऱ्हाणं घातलंन, मग व्हय म्हटल्याबिगर गप कसं ऱ्हायचं?” तो आवाज मी फिल्ममध्ये तसाच ठेवला. आज नव्या सेटवर ‘सगळं नीट पार पडू दे’ म्हणून कुणीतरी मुहूर्ताचा नारळ फोडला, पण होकार कुणीच दिला नाही; मग मीच पुटपुटले, “व्हय महाराजा.”