मागे पळणारा

धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर दर रविवारी एक माणूस माझ्या मागे पळायचा. माझ्याच वयाचा, डोक्याला पांढरा रुमाल, आणि डावा हात सारखा छातीकडे जायचा. मी दम खायला थांबलो की तोही थांबून बुटाची नाडी बांधत बसे. त्याला मला गाठता येत नाही, हे मी घरी कितीदा तरी ऐकवलं होतं.

त्याच गुर्मीत एका शनिवारी जिममध्ये खांद्यावर लोखंड घेऊन बैठका मारल्या. रविवारी घराचा जिना उतरवेना, तर डोंगर कुठला! दांडी मारली. पुढच्या रविवारी गेलो, तर तो पायथ्याशी दगडावर बसलेला.

"भाऊ, मांगला रविवारले तुम्ही उनातच नही. मी वाट दखीसन घर चालना गऊ."

"मी आलो नाही म्हणून घरी परतलात? एकटे का नाही चढलात?"

"छातीनं ऑपरेशन व्हयेल शे ना. डॉक्टर सांगस, एकला पळू नको, हळू पळणारासंगे पळ." मग अगदी मनापासून म्हणाला, "तुमनाइतकं हळू आठे कोणीच पळत नही."

हसावं की तोंड लपवावं, कळेना. पण खरी लाज वेगळीच होती. मी मिरवायला मांड्या आखडून घेतल्या, आणि त्याचा आठवड्यातला एकुलता चढ बुडाला.

आता बैठका मंगळवारी, आणि शनिवारी पायांना सुट्टी. बायकोने कारण विचारलं, तेव्हा "व्यायामात समतोल हवा," असं शास्त्र झाडलं. माझ्या भरवशावर कुणी पायथ्याशी बसून राहिलं होतं, हे मात्र सांगवलं नाही.