कुठली तार चुकली

परवा भर दुपारी भोसरीच्या बसथांब्यावर आमच्या शेजारच्या सुनंदाताई बसलेल्या दिसल्या. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी तारांचे जुडगे बांधणाऱ्या कारखान्यात त्या सहा वर्षं कामाला होत्या. माल परदेशी जायचा. तिकडच्या सरकारनं आयातशुल्क वाढवलं, मागणी थांबली आणि त्या सकाळी सगळ्या बायकांना फाटकातूनच परत पाठवलं.

"आयातशुल्क म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. "फाटकावर तेवढाच एक शब्द सांगितला."

मी सांगितलं, की आपल्या मालावर ते जादा कर लावतात. मग तो तिथं महाग पडतो आणि कुणी घेत नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. मी सकाळपासून आठवत बसलेय, माझी कुठली तार चुकली असेल."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. या गाड्यांचा बाजार वाढतोय म्हणून रोज पेपरात वाचतो. वाढू दे खुशाल. पण दोन सरकारं एकमेकांची जिरवणार आणि इथं एका बाईनं सकाळपासून स्वतःची चूक शोधायची? तिला दोन वाक्यं सांगायला कुणाची जीभ झडली होती? आणि मीही ते हवामानाच्या बातमीसारखं सांगून मोकळा झालो होतो, याचीच जास्त चीड आली.

बस आली. सुनंदाताई उठल्या, पण चढल्या नाहीत.

"बाकीच्या अजून फाटकापाशी बसल्यात," त्या म्हणाल्या. "त्यापण चूकच शोधत असतील. त्यांना सांगून येते."