रोडिओतली धार

आपल्याकडे थाप मारली की ऐकणारा मनातल्या मनात निम्मी वजा करतो आणि चहाचा घोट घेतो. जर्मन माणूस मात्र डायरी काढून ती लिहून घेतो. हे ज्ञान मला कायझर्सलाउटर्नमध्ये पीएचडीच्या चौथ्या वर्षी झालं. तेही कधी, तर माझा प्रबंध तपासायला प्रोफेसरांच्या टेबलावर जाऊन पडलेला असताना.

इन्स्टिट्यूटच्या ग्रिलपार्टीत गाईंचा विषय निघाला. मी कोथरूडचा. माझा आणि गाईचा संबंध म्हणजे ती स्कूटरला आडवी यायची, एवढाच. पण समोर तीन जर्मन आ वासून ऐकताहेत म्हटल्यावर थांबतो कोण? "दात यायच्या आधीपासून धारा काढतोय," मी ठोकून दिलं. "लाथाळ गाय असली की अख्खं गाव मलाच बोलावतं."

"आल्झो, फारच छान," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी टिपून घेतलं.

दोन आठवड्यांनी त्याचा अर्थ कळला. आमचे प्रोफेसर सोमवार ते शुक्रवार धातूला पडणाऱ्या बारीक भेगा मोजायचे आणि शनिवारी रुंद टोपी घालून घोड्यावर बसायचे. त्यांच्या घोडेस्वारीच्या क्लबानं मुलांच्या हॉस्पिटलातल्या खेळघरासाठी रँच रोडिओ ठेवला होता. म्हणजे काउबॉय कुरणावर रोज जी कामं करतो तीच, पण तिकीट लावून. कळपातून एक वासरू वेगळं काढायचं, पळत्या जनावरावर फास टाकायचा, आणि शेवटी मोकाट गाईची धार. चौघांचा संघ. एकानं घोड्यावरून फास टाकायचा, दोघांनी गाय धरायची, चौथ्यानं बाटलीत धार काढून पंचाकडे धावायचं. बाटली उलटी केल्यावर एक थेंब पडला तरी पुरे.

"चौथे तुम्ही," प्रोफेसर म्हणाले.

ज्याच्या टेबलावर माझी चार वर्षांची मोजमापं पडलीत, त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की मी थापा मारतो? गाईबद्दल खोटं बोलणारा भेगांबद्दल खरं बोलतो, यावर तो का विश्वास ठेवील?

"अरे, तू दुधाची पिशवी कापतोस तीसुद्धा वाकडी," बायको म्हणाली. "सांगून टाक त्यांना."

"आणि डॉक्टरेट?"

"ती काय, मोडक्या पायाच्या प्लास्टरवर लिहून घेणार आहेस?"

शनिवारी आधी एक फॉर्म भरून घेतला. दोन पानांचा सारांश असा, की मेलात तर तक्रार चालणार नाही. गाईसाठी जनावरांचा डॉक्टर हजर होता. माझ्यासाठी बॉलपेन.

फाटक उघडलं. गाय कसली, शिंगं लावलेला मालट्रक! आमच्या स्वयंपाकघराएवढी रुंद. वासरू कुंपणापलीकडे ठेवलेलं, त्यामुळे डोळ्यांत रक्त उतरलेलं. ती धावली तशा पलीकडे फ्रान्समध्ये कपबशा वाजल्या असतील. प्रोफेसरांचा फास नेमका शिंगांवर बसला, दोन आडदांड गडी तिच्या मानेला लोंबकळले.

"आता!" प्रोफेसर ओरडले.

मी डोळे मिटून खाली शिरलो. हाताला गरम काहीतरी लागलं, ते पिळलं. काही नाही. वासरू आचळाला लागल्याशिवाय असली गाय पान्हा सोडत नाही, हे मला कुठे ठाऊक! पुन्हा पिळलं. तिनं मागचा पाय उचलला. तो पाय हवेत होता तेवढ्यात मी तेहतीस कोटी देवांची नावं घेतली, काहींची दोनदा. खूर मांडीला घासून गेला. मी बाटली घेऊन जो सुटलो तो पंचाच्या पोटावरच आदळलो.

पंचानं बाटली उलटी केली. एक थेंब पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला, प्रोफेसरांनी टोपी उडवली. मी मात्र तो थेंब पाहिला होता. पाण्यासारखा नितळ. माझ्या मनगटावरून बाटलीत उतरलेला घाम.

परतताना गाडी प्रोफेसर चालवत होते, बायको मागे बसली होती. "एक थेंब, पण पडला! गेनाऊ, अगदी बरोबर!" ते तिसऱ्यांदा म्हणाले. मांडी ठणकत होती. त्यांचं ते खूश होणं मला सोसेना.

"हेर प्रोफेसर, ते दूध नव्हतं. माझा घाम होता. मी जन्मात कधी गाय पिळलेली नाही."

ऑटोबानचा एक एक्झिट मागे पडला. दुसरा पडला.

"आणि प्रबंध?"

"खरा आहे." "चौथ्या तक्त्यातलं एक मोजमाप सोडून. त्या दिवशी यंत्र बंद होतं. मी अंदाजानं भरलं."

त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. मागचा ट्रक हॉर्न मारत बाजूनं गेला.

"कितवी ओळ?"

"सातवी."

आमच्या घराचा एक्झिट आला तरी ते वळले नाहीत. सरळ इन्स्टिट्यूटच्या रस्त्याला लागले.

"आज शनिवार आहे," मी चाचरत म्हणालो.

"यंत्राला ते माहीत नाही," ते म्हणाले.

शेणानं माखलेल्या पँटमध्येच मी सातवी ओळ मोजली. आकडा माझ्या अंदाजापेक्षा बराच खाली आला. प्रोफेसर शेजारी उभे होते, टोपी काढून. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आता पहिल्या ओळीपासून." प्रबंधावर सही मिळायला त्यानंतर सहा महिने लागले.