ओद्दु म्हणजे नको

हे मी आजवर कोणापाशी बोलली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. विहारात पौर्णिमेले पंचशील म्हणतो आमी, त्यात खोटं बोलणार नाही हे बी येतं. ते मी साऱ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणते, शिक्षिकेचा खणखणीत आवाज ना! पण तेव्हाही मनात हा कोपरा आला की मी दुसरीकडं पाहते. मंग तुमाले काऊन सांगून राह्यली? माहीत नाही बापा. तुमी माझ्या गल्लीतले नाहीत, एवढंच असंल.

माझ्या घरासमोर बाग आहे. आदिलाबादेत, आमच्या कॉलनीत, सकाळी फिरायले निघालेली माणसं माझ्या फाटकापाशी थांबतात आणि मोबाइल काढतात. जाड, रसाळ पानांची झाडं आहेत सारी. नर्सरीवाला सक्युलंट म्हणतो, गल्ली नुसतं 'काटे' म्हणते, अर्ध्यांले काटा नसला तरी. कमळासारखी उमललेली राखाडी-निळी, कडेले लाल पडलेली, जांभळी, आणि मण्यांच्या माळेसारखी खाली लोंबणारी पोपटी. आमच्या ह्या उन्हात असे रंग! लोक विचारतात, मॅडम, कसं जमवता? मंग मी सुरू होते. मातीपेक्षा रेती जास्त टाका, विटांचे तुकडे टाका, वाफा उंच करा, खालून पाणी जायले भोक ठेवा. उन्हाळ्यात हिरवी जाळी, पावसाळ्यात वरून प्लास्टिक. आणि पाणी? पान सुरकुतल्याशिवाय थेंब नाही. ही झाडं तहानेनं मरत नाहीत, पाण्यानं मरतात. असं सांगते मी, मोठी जाणकार असल्यासारखी. थू माझ्या तोंडावर.

ही बाग माझी नाही. म्हणजे जागा माझी आहे, फाटक माझं आहे — झाडं विजयक्काची आहेत.

विजयक्का माझी शेजारीण. तेलुगु बाई, करीमनगरकडची. नवरा वारल्यावर एकटीच राहते, एकुलती एक पोरगी हैदराबादेत दिलेली. रोज सकाळी अंगण झाडून, सडा टाकून ती मुग्गु काढायची. मुग्गु म्हणजे त्यांची रांगोळी, ठिपक्यांची, दारभर. मंग तिचे गुडघे गेले. खाली बसली की उठता येईना. दुसरी कोणी असती तर पोरीबाळींकडून काढून घेतली असती, नाही तर स्टिकर आणून चिकटवलं असतं. हिनं काय केलं, तर अंगणातच उंच वाफा घातला आणि त्यात मुग्गु लावला! रेघांच्या जागी पांढरी खडी, ठिपक्यांच्या जागी ही झाडं. निर्मल रस्त्यावरच्या नर्सरीतून पिशवीत दोन-दोन झाडं आणायची, बसमधी मांडीवर धरून. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, वाकून, चमच्यानं माती काढून लावायची. मधल्या ठिपक्याले लाल, त्याच्या भोवती निळसर, मंग जांभळी. एखादं झाड उन्हाकडं मान काढून लांबट झालं की शेंडा छाटायची, तो वाळवायची, परत रोवायची, कारण रांगोळी वाकडी दिसली नाही पाहिजे. वर्ष गेलं तिचं त्यात. आणि मंग एका हिवाळ्यात ती बाग अशी रंगली म्हणता, की रस्त्यानं जाणारी स्कूटर हळू व्हायची.

मले ते पाहवलं नाही.

बस. एवढंच कारण आहे. तुमी म्हणाल, काहीतरी भांडण झालं असंल, बांधाचं, नालीचं. काहीच नाही! माझ्या गुलाबाची पानं उन्हानं करपायची, जास्वंद माकडं खायची, आणि तिच्या दारी लोकं फोटो काढायची. एक दिवस शाळेतून आली — तामसीकडं शाळा माझी, बसनं येते — स्टँडवर ऑटोवाल्याले घर सांगितलं. पूर्वी 'टीचरम्माचं घर' म्हटलं की पुरे व्हायचं. तो म्हणाला, ते काटेवाल्या अक्काच्या बाजूचं ना? त्या एका वाक्यानं माझ्या अंगाचा भडका झाला. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला आणि आमच्या घराण्यातलं पहिलं पक्कं घर मी बांधलं, ते काय कोणाच्या 'बाजूचं' म्हणवून घ्यायले? पाहा, आता बापाले मधी ओढलं मी. त्या माणसानं कोणाचं रोपटं कधी उपटलं नाही. त्याले ह्यात आणायची मले लाज वाटायले पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. विजयक्काशी मी पहिल्या दिवसापासून हिंदीत बोलायची. तेलुगु येत नाही म्हणून? छे! मंडळ ऑफिसातल्या, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्याच्या, साऱ्या मीटिंगा तेलुगुत होतात, तिथं मी उभी राहून बोलते. लाइनमनशी तेलुगुत भांडते. पण हिच्याशी हिंदी. आपण काऊन तिच्या भाषेत बोलायचं, असा ताठा. तिले बिचारीले वाटलं, टीचरम्माले तेलुगु धड येत नाही. मी वाटू दिलं.

दसरा होऊन गेला होता. तिची पोरगी गरोदर होती, तारीख अजून लांब होती, आणि अचानक सकाळी फोन आला की दवाखान्यात नेलं. ऑटो दारात धडधडत उभा. विजयक्काच्या हातात पिशवी, पदर खांद्यावरून सुटलेला, डोळ्यांत पाणी. चावी माझ्या हातात कोंबली आणि ऑटोत बसली. घाईत तिची हिंदी पळाली. ऑटो निघता निघता डोकं बाहेर काढून ओरडली, "नीळ्ळु पोय्योद्दु, टीचरम्मा! अस्सलु पोय्योद्दु!"

पाणी टाकू नका. अजिबात टाकू नका. 'पोय्' म्हणजे ओत, आणि शेवटचं 'ओद्दु' म्हणजे नको. ह्या जिल्ह्यात जलमलेल्या माणसाले दुसरं तेलुगु येवो न येवो, 'ओद्दु' येतं. बाजारात भाजीवालीले आमी 'ओद्दु' म्हणतो, पंगतीत वाढप्याले 'ओद्दु' म्हणतो. मले शब्दन् शब्द ऐकू आला. मी हात हलवला. चांगलं हसून हलवला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तिच्या नळाले पाइप लावला.

रोज टाकलं. मन लावून टाकलं. आणि लोकं काय म्हणायची माहीत आहे? "मॅडम, शेजारणीचं किती करता हो!" मी मान खाली घालून हसायची. ते ऐकून मले बरं वाटायचं, खरंच बरं वाटायचं. दुसऱ्याचं घर जाळावं आणि वरून चांगलं बी म्हणवून घ्यावं, असं काही जगात आहे हे मले तोवर माहीत नव्हतं.

पण झाडं मरेनात. हट्टी! विजयक्कानं वाफा असा घातला होता की पाणी वरून पडलं की खालून निघून जायचं. विटांच्या कडेले तळाशी तिनं भोकं ठेवली होती. मी पाणी टाकायची आणि ते भोकातून वाहत नालीत जायचं.

इथं येऊन मी थांबते. आजवर मनातल्या मनात सांगतानाही इथंच थांबली आहे. कारण इथवर कसं बी सावरता येतं ना? ऐकण्यात चूक, मायेचा अतिरेक, बाईमाणसाची सवय. पण पुढचं कोणत्या भाषेत चुकून ऐकू येतं, सांगा बरं?

मी नवऱ्याच्या जुन्या बनियानच्या चिंध्या केल्या. खाली बसली — माझे गुडघे धड होते — आणि एकेक चिंधी पिळून त्या भोकांत बोटानं आतपर्यंत कोंबली. साऱ्या भोकांत.

मंग मात्र लवकर झालं. आधी खालची पानं पिवळी, काचेसारखी आरपार झाली. हात लागला की गळायची. बुंधे काळे पडले, चिखलासारखे मऊ. ती लाल, मधली, तिचं एक पान मी अंगठ्यानं दाबलं. ते फुटलं. आतून चिकट, कोमट पाणी निघालं आणि असा वास आला — नासलेल्या काकडीचा, मोरीचा — चिलटं उठली भोवती. आणि मले मजा आली. सांगायचं म्हणून सांगत नाही, खरंच आली. मी दुसरं पान दाबलं. तो वास आज बी हाताले येतो. साबणानं धुते, लिंबू चोळते. भाकरी थापताना मधीच येतो आणि मले माझीच किळस येते, अशी की तो उंडा टाकून द्यावा वाटतो.

ती यायच्या आदल्या दिवशी मी चिंध्या काढून घेतल्या.

विजयक्का आली. नात झाल्याचे पेढे घेऊन आली. फाटक उघडलं आणि उभीच राह्यली. पांढरी खडी तशीच होती, मुग्ग्याच्या रेघा तशाच, आणि ठिपक्यांच्या जागी काळा लगदा. हिंदीत इतकंच म्हणाली, "पानी डाले क्या, टीचरम्मा?" मी म्हटलं, हो, रोज. मंग तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, अय्यो, मैं तेलुगु में बोल दी, मेरीच गलती. तुम को 'पोय्' सुनाई दिया होगा.

बहाणा मी शोधला बी नव्हता. तिनंच आणून माझ्या हातात दिला, पेढ्यासारखा. आणि मी घेतला. म्हटलं, हो ना विजयक्का, मले 'पोय्' असंच ऐकू आलं.

घरी जेवताना हे म्हणाले, "लाइनमनच्या सात पिढ्या तेलुगुत काढतेस तू, तुले 'ओद्दु' नाही समजलं?" मी म्हटलं, ऑटोचा आवाज होता. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि भाजी वाढून घेतली. परत कधी विचारलं नाही. पण माझ्याकडं पाहिलं होतं.

तिनं बाग परत लावली नाही. गुडघे आता एवढं बी वाकत नाहीत म्हणाली, आणि अंगणात सिमेंट करून घेतलं. भिंतीकडच्या काही झाडांची पानं वाचली होती. ती तिनं पेपरवर वाळवली. एका पानातून नवं झाड फुटतं ह्यांच्यात. ताटात घालून माझ्या घरी घेऊन आली. तुमी मायेनं करता, फक्त रीत माहीत नाही, मी शिकवते, म्हणाली. माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसली आणि मले रेती, विटा, भोकं सारं शिकवलं. भोकं कुठं ठेवायची तेही बोटानं दाखवलं. मी मान हलवून हलवून शिकली.

आणखी एक केलं तिनं. मराठी शिकली. परत असा घोटाळा नको म्हणून. ह्या वयात! शेजारच्या पोरांकडून, भाजीवालीकडून, माझ्याकडून. "टीचरम्मा, तुमी जेवला का?" म्हणते, मी बाई असून. 'जेवल्या' म्हणायचं, मी हसून सुधारते. ती परत म्हणते, बरोबर म्हणते, आणि तोंड कसं उजळतं तिचं.

मागच्या महिन्यात दुपारी आली. पाणी दिलं तर प्याली नाही. आधी मनात जुळवून आणलेलं दिसत होतं, कारण एकेक शब्द ठेवल्यासारखा बोलत होती. म्हणाली, "टीचरम्मा, त्या वेळी मी तुमच्यावर राग केला. मनात. लय दिवस केला. मले वाटलं, तुमी मुद्दाम केलं. असा विचार पाप आहे. मले माफ करा."

सांगायची वेळ तीच होती. समोर बसली होती, माझ्याच भाषेत बोलत होती, आता ऐकण्यात चूक व्हायले जागाच नव्हती.

मी म्हटलं, राग केला नाही म्हणायचं, विजयक्का, राग धरला म्हणायचं. तिनं ते दोनदा घोकलं.

आणि मंग मी तिले माफ केलं.